मुक्कामी मित्र आणि वाढदिवस एकाच दिवशी? मला साफ अमान्य

कोपऱ्यातली खुर्ची (धागाकर्ती)
परवा कुणीतरी सल्ला दिला: "बाहेरगावचे मित्र मुक्कामाला येणारच आहेत, तर वाढदिवस त्याच दिवशी उरका. मदतीला चार हात आयते मिळतात." त्यावर वाहवा करणाऱ्यांची रांग. म्हणून हे लांबलचक.

आयते हात! रात्रभर प्रवास करून आलेल्याला खुर्चीवर चढवून पताका लावायला लावणं हा पाहुणचार नाही, वेठबिगारी आहे. शहरातल्या घरात केक कापायची खोली तीच आणि पाहुण्यांची अंथरुणं घालायची खोलीही तीच. शेवटचा माणूस बाराला हलला की टेबल सरकवा, फरशीवरचं क्रीम पुसा, गाद्या घाला. तोवर पाहुणा सोफ्याच्या टोकाला जांभया गिळत बसलेला, कारण त्याच्या झोपायच्या जागेवर तुमच्या ऑफिसातली मंडळी गप्पा छाटतायत.

सकाळी गिझर. पंधरा लिटरची टाकी ६० अंशांवर, नळाचं पाणी २० अंशांचं. मिसळून ४० अंशांचं पाणी जास्तीत जास्त तीस लिटर, म्हणजे एकाची अंघोळ. दोन हजार वॉटच्या कॉइलला टाकी पुन्हा तापवायला वीस-बावीस मिनिटं लागतात. सहा माणसं असतील तर पावणेदोन तास नुसते तापवण्यात. वाढदिवस एका दिवशी, पाहुणे दुसऱ्या दिवशी. माझ्यापुरता विषय संपला.

गॅलरीतला
विषय संपला म्हणणाऱ्यांचेच धागे शंभरी गाठतात. दोष एकत्र येण्याचा नाही, नियोजनाचा आहे. आतली खोली आधीच पाहुण्यांची करून टाका: बॅगा आत, अंथरुणं घातलेली, एक्स्टेंशन बोर्ड उशाशी, दार बंद. समारंभ संध्याकाळी सहाला सुरू, नऊला संपला. वेळ संपण्याची सांगायची असते, ती कुणी सांगत नाही. निम्म्यांनी रात्रीच अंघोळ केली की तुमचं गिझर-गणित कोसळलं.

हवेची गादी वापरत असाल तर झोपायच्या वेळी पहिल्यांदा फुगवू नका. नवं प्लास्टिक ताणतं आणि रात्री आतली हवा गार होऊन आकसते, म्हणून पहाटे पाठ जमिनीला लागते. लोक उगाच भोक शोधत बसतात. दुपारी फुगवा, झोपताना पुन्हा चार-सहा पंप मारा. आणि चादरीखाली जाड घोंगडी हवीच, नुसत्या हवेवर पाठ गारठते.

केकवाली
दोघांनीही फ्रिजचा विचार केलेला नाही. पाहुण्यांसाठी आणलेल्या सामानाने फ्रिज गच्च, त्यात केकचा खोका कप्प्यात उभा मावत नाही. मग खोका उघडून केक नुसताच आत जातो आणि क्रीमला चिरलेल्या कांद्याचा वास लागतो. एक जाळी आदल्या दिवशीच काढून ठेवा. फॉन्डंटचा, म्हणजे साखरेच्या लगद्याचं आवरण घातलेला केक फ्रिजमधून काढला की घाम फुटतो. तो पुसू नका, रंग फिसकटतो; पंख्याखाली आपोआप सुकू द्या.

फुगेवाला
पताका लावायला खुर्ची कशाला? गॅसचे फुगे आणा, छताला आपोआप टेकतात. वाद मिटला.

जळका हात
कुठला गॅस? हे न विचारता सल्ले देणारेच घरं पेटवतात.

फुगेवाला
हेलियम, दुसरा कुठला? उगाच घाबरवू नका.

जळका हात
'दुसरा कुठला' म्हणे! हायड्रोजन स्वस्त, म्हणून सर्रास तोच भरला जातो. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला की पेट घेतो, आणि ठिणगी इतकी कमी पुरते की अंगावरच्या कपड्यांचं घर्षणही चालतं. दहा-पंधरा फुगे एका झुपक्यात, खाली मेणबत्त्या. वर तो स्नो स्प्रे. त्याच्या डब्यात फेस बाहेर ढकलायला बहुधा ब्यूटेन-प्रोपेन हा पेटणारा वायूच असतो. पेटत्या केकच्या दिशेने तो उडवणं म्हणजे तोंडावर भडका.

फुगेवाला
हायड्रोजन जास्त उचलतो म्हणून भरतात लोक. पैशाचाच प्रश्न नसतो.

जळका हात
चूक! लिटरमागे हायड्रोजन १.१ ग्रॅम उचलतो आणि हेलियम १ ग्रॅम. एवढ्याशा फरकासाठी जिवाशी खेळ? १९३७ साली हायड्रोजन भरलेलं हिंडेनबर्ग हवाई जहाज काय उगाच जळलं?

फुगेवाला
घ्या, हवाई जहाज काढलं! विषय दिवाणखान्याचा आहे. बरं, मान्य: सिलिंडरवरचा शिक्का बघितल्याशिवाय फुगा घेऊ नये. झालं समाधान?

जळका हात
अर्धं. रबरी फुगा बारा-अठरा तासांत मान टाकतो, म्हणून आदल्या रात्री भरून आणू नका. आणि हेलियम तोंडाने ओढून चिरका आवाज काढायची हौस असेल तर ती आवरा. सिलिंडरमधून थेट ओढला तर फुप्फुसातली हवाच हटते, माणूस जागीच कोसळतो.

गॅलरीतला
धागा वाढदिवसाचा की रसायनशास्त्राचा?

केकवाली
मेणबत्त्यांचं निघालंच आहे तर: फुंकूनही पुन्हा पेटणाऱ्या मेणबत्तीच्या वातीत मॅग्नेशियमची पूड असते. ती विझली असं समजून कागदी थाळ्यांबरोबर कचऱ्यात टाकू नका. पाण्याच्या वाटीत बुडवा, दोन मिनिटं तशीच राहू द्या.

कोपऱ्यातली खुर्ची (धागाकर्ती)
वा. मी पाहुण्यांच्या झोपेबद्दल बोलत होते, तुम्ही अग्निशमन दल उघडलंत. गॅलरीतल्यांचं आतल्या खोलीचं मान्य, ज्यांच्या घरी आतली खोली आहे त्यांच्यापुरतं. एका खोलीत राहणाऱ्यांना तुमचा सल्ला काय? पाहुण्याला जिन्यात झोपवायचं?

गॅलरीतला
एका खोलीवाल्यांनी बाहेर कुठेतरी जागा घेऊन वाढदिवस करावा आणि घर पाहुण्यांसाठी मोकळं ठेवावं. म्हणजे तुमचंच म्हणणं, फक्त दिवस तोच.

कोपऱ्यातली खुर्ची (धागाकर्ती)
म्हणजे माझंच बरोबर होतं. आभारी आहे.

फुगेवाला
अवांतर: फॉइलचे फुगे आठवडाभर टिकतात, त्यात हेलियमच भरा.

जळका हात
आणि गच्चीवरून सोडू नका! फॉइल विजेच्या तारांवर अडकलं की शॉर्ट सर्किट. कात्रीने टोकाला चीर द्या, हवा काढा, मग घडी घालून टाका.