जागृत राहायचं की निर्धास्त? रोजच्या शिस्तीत हे बसवायचं कसं

दिवटी
सर्वांना प्रभूमध्ये सप्रेम सलाम.
मार्कच्या शुभवर्तमानात 13व्या अध्यायाच्या शेवटी प्रभू पुन्हा पुन्हा 'जागृत राहा' म्हणतो. 37वं स्तोत्र सांगतं, परमेश्वरापुढे स्वस्थ राहा, त्याची वाट पाहा. दोन्ही आज्ञाच. पण व्यवहारात एक पाळायला गेलं की दुसरी निसटते. जागृत राहणारा माणूस हळूहळू सगळीकडे सापळेच बघायला लागतो आणि सोपवून दिलेला माणूस सुस्तावतो.
तीन गोष्टी विचारायच्या आहेत. रात्रीचं आत्मपरीक्षण कोणत्या क्रमाने करायचं आणि किती वेळ? (बहुतेकांचं ते स्वतःला बोल लावण्यातच संपतं.) नको तो विचार मनात आला तर त्याच्याशी झुंजायचं की सोडून द्यायचं? आणि वर्षानुवर्षं एखाद्या प्रार्थनेला उत्तर नसेल, तर वाट पाहणं कुठे संपतं आणि हातावर हात धरून बसणं कुठे सुरू होतं?
उपदेश भरपूर ऐकलाय. पद्धत सांगा.

शास्त्रवाचक
ताई, पद्धतीआधी एक गैरसमज बाजूला करू, कारण पुढची बरीचशी ओढाताण त्यातूनच येते. मत्तय 25 मधल्या, दिवे घेऊन वराची वाट पाहणाऱ्या दहा कुमारी घ्या. वराला उशीर झाला तेव्हा पाच मूर्ख कुमारींना झोप लागली असं आपण सर्रास धरून चालतो. 5वं वचन नीट वाचा, दहाच्या दहा जणींना डुलकी लागली आणि त्या झोपल्या. शहाण्यांना त्याबद्दल कुणी एका शब्दाने बोललं नाही. फरक होता तो तेलाचा, आणि तेल झोपण्याआधीच भरून ठेवलेलं होतं. म्हणजे जागृती ही चोवीस तास ताणलेल्या मनाची अवस्था नव्हे. आधी केलेली तयारी हा तिचा मुख्य भाग आहे.

त्याच्या आधीच्या अध्यायातला विश्वासू दास धनी येतो तेव्हा काय करत असतो? वेशीकडे टक लावून बसलेला नसतो, घरातल्या लोकांना वेळच्या वेळी जेवण देत असतो. उलट दुष्ट दासाची घसरण 'धनी यायला उशीर लावतोय' या एका वाक्यापासून सुरू होते, आणि पहिलं पाऊल म्हणजे सोबतीच्या दासांना मारहाण. ही खूण मला फार उपयोगाची वाटते. प्रार्थना चुकली की आपल्या लगेच लक्षात येतं. पण घरच्यांवर, हाताखालच्यांवर विनाकारण आवाज चढायला लागला की जागृती केव्हाच गेलेली असते, आणि प्रार्थनेची वेळ मात्र अजून पाळली जात असते.

दोन आज्ञांचं भांडण पेत्राने एका परिच्छेदात मिटवलंय. पहिल्या पत्राच्या 5व्या अध्यायातला क्रम पाहा. 6व्या वचनात लीन व्हा, 7व्यात सगळी चिंता त्याच्यावर टाका, आणि मग 8व्यात सावध असा, जागे राहा. आधी ओझं उतरवायचं, मग पहाऱ्यावर उभं राहायचं. आपण उलट करतो. काळजी डोक्यावर ठेवूनच पहारा देतो आणि काळजीलाच सावधपणा समजतो. लूक 21:34 मध्ये तर संसाराच्या चिंता थेट दारूबाजीच्या पंगतीला बसवल्या आहेत, कारण दोन्हींनी अंतःकरण जड होतं. चिंताग्रस्त माणूस जागा दिसतो एवढंच.

यरुशलेमची भिंत पुन्हा बांधतानाचं नहेम्या 4:9 पण जोडून वाचा. देवाची प्रार्थना केली आणि रात्रंदिवस पहारा ठेवला, दोन्ही एकाच वचनात. ओझी वाहणारे एका हाताने काम करत होते, दुसऱ्या हातात शस्त्र. 52 दिवसांत भिंत उभी राहिली. पहाऱ्यासाठी काम थांबवलं असतं तर शत्रूला तेच हवं होतं.

तिन्हीसांज
पहिल्या प्रश्नाचं मी सांगते. जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला (1491–1556) यांनी घालून दिलेली पाच टप्प्यांची पद्धत आजही सगळ्यात सुटसुटीत आहे, आणि ती कुठल्याही मंडळीच्या (चर्चच्या) माणसाला वापरता येते.

1. उपकारस्तुती. आज मिळालेल्या दोन-तीन ठोस गोष्टी. 'सगळ्याबद्दल आभार' चालत नाही.
2. पाप ओळखण्यासाठी आणि ते टाकण्यासाठी कृपा मागणं.
3. उठल्यापासून आतापर्यंतचा दिवस तासातासाने नजरेखालून घालणं. विचार, मग शब्द, मग कृती.
4. क्षमा मागणं.
5. उद्यासाठी सुधारणेचा निश्चय, तोही त्याच्या कृपेने. शेवटी प्रभूची प्रार्थना.

एकूण दहा ते पंधरा मिनिटं. घड्याळ लावा, वेळ झाली की उठा. तुम्ही म्हणता तो दोषांचा पाढा सुरू होतो तो बहुतेकदा पहिले दोन टप्पे गाळल्यामुळे. आभार आधी मानले नाहीत तर तिसऱ्या टप्प्यात समोर देव नसतो, फक्त आपण आणि आपला दिवस असतो, आणि मग आपणच फिर्यादी, आपणच न्यायाधीश. दुसरी चूक म्हणजे तिसऱ्यावर दहा मिनिटं आणि चौथ्यावर दहा सेकंद. क्षमा मागून झाली की ती मिळाली असं धरायला थोडं थांबावं लागतं. मी तर म्हणेन तिसऱ्याइतकाच वेळ चौथ्याला द्या.

अंथरुणात करू नका, हे सांगायलाच हवं. तिसऱ्या टप्प्यात झोप लागते आणि दिवसाचा सगळा गाळ मनात ढवळलेला राहतो. जेवण झाल्यावर, आवराआवरीआधी बसा.

एखादा ठरावीक दोष असेल (तोंडाळपणा, हेवा, उगाच खोटं बोलणं) तर त्याच्यासाठी वेगळी रीत आहे. सकाळी उठताच त्या एकाच दोषाबद्दल निश्चय करायचा. दुपारी आणि रात्री जेवणानंतर तपासायचं. कागदावर प्रत्येक दिवसाला दोन रेघा, दुपारपर्यंतची एक आणि रात्रीपर्यंतची एक, आणि जितक्यांदा चूक झाली तितके ठिपके त्या रेघेवर. चूक झाल्याक्षणी हात छातीशी न्यायचा, चारचौघांतही कुणाच्या लक्षात न येईल असा. हा भाग लोक पोरकट समजून सोडतात, पण तोच महत्त्वाचा. रात्रीपर्यंत निम्म्या चुका आठवत नाहीत. मग दुपारच्या रेघेची रात्रीच्या रेघेशी तुलना, आजची कालशी, या आठवड्याची गेल्या आठवड्याशी. एका वेळी एकच दोष. तीन घेतले की कागद भरतो आणि माणूस तसाच राहतो.

जुना_सेवक
दुसऱ्या प्रश्नाबद्दल. इजिप्तच्या वाळवंटात राहणारा संन्यासी इव्हाग्रियस (मृत्यू 399) याने आठ विचारांची यादी केली: खादाडपणा, व्यभिचार, लोभ, खिन्नता, राग, कंटाळा, पोकळ मोठेपणा, गर्व. त्याचं म्हणणं असं की हे विचार मनात यावेत की नाही हे आपल्या हातात नाही, पण ते मुक्कामाला राहावेत की नाही हे आहे. एवढं पक्कं धरलं की निम्मा अपराधभाव गळून पडतो. विचार दारात आला म्हणजे पाप झालं असं नाही.

मग दारात काय करायचं? वाद घालायचा नाही. उत्पत्ती 3 मध्ये हव्वेची चूक फळ तोडण्याच्या बरीच आधी झाली, ती सर्पाशी संभाषणात शिरली. बोलता बोलता तिने देवाच्या आज्ञेत 'स्पर्शही करू नका' ही भरही घातली. याउलट मत्तय 4 मध्ये येशू सैतानाला तिन्ही वेळा 'अनुवाद' या पुस्तकातलं एकेक वचन देतो (8:3, 6:16, 6:13) आणि विषय संपवतो. तिथे स्पष्टीकरण नाही, स्वतःची बाजू मांडणं नाही.

रोजच्या वापरासाठी असं करा. आपल्याला नेहमी छळणारे विचार दोन किंवा तीनच असतात, आठही नसतात. त्या प्रत्येकासाठी एक छोटं वचन आधीच पाठ करून ठेवा. आयत्या वेळी शोधायला गेलात तर तोवर विचार घरात येऊन बसलेला असतो. विचार ओळखा, मनात त्याचं नाव घ्या ('हा हेवा'), वचन एकदा म्हणा आणि हातातल्या कामाकडे वळा. हे शेवटचं फार जण विसरतात. रिकाम्या, झाडलेल्या घरात निघून गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात आत्मे घेऊन परत येतो (मत्तय 12:43-45). विचार हाकलून जागा मोकळी ठेवली तर तो सोबत आणखी घेऊन येतो. पाठ काहीच नसेल तर जॉन कॅसियन या जुन्या काळच्या संन्याशाने सुचवलेलं 70व्या स्तोत्राचं पहिलं वचन पुरतं, देवा मला सोडव, साहाय्याला त्वरा कर. ते कुठल्याही विचाराला चालतं.

एका विचाराबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण तो विचार वाटतच नाही. यादीतला सहावा, कंटाळा. इव्हाग्रियसने त्याची वेळसुद्धा दिली आहे. दिवसाचा चौथा ते आठवा तास, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण सकाळी दहा ते दुपारी दोन. सूर्य जागचा हलत नाही असं वाटतं. संन्यासी पुन्हा पुन्हा खिडकीशी जातो, जेवणाच्या नवव्या तासाला अजून किती अवकाश आहे ते बघतो. मग त्याला ही जागा नकोशी होते, हाताचं काम नकोसं होतं, इथल्या बंधूंमध्ये प्रेमच उरलेलं नाही असं वाटू लागतं, आणि दुसरीकडे गेलो तर देवाची सेवा जास्त चांगली होईल हे पटतं. त्याने सांगितलेला मुख्य उपाय म्हणजे खोली सोडायची नाही. आज खिडकीच्या जागी फोन आहे, बाकी सगळं जसंच्या तसं. 'मंडळी बदलावी', 'सेवा बदलावी' असले निर्णय दुपारच्या मरगळीत सुचले तर निदान त्या दिवशी तरी कृतीत आणू नयेत.

तिन्हीसांज
जुना_सेवक, एक दुरुस्ती सुचवू? वचन 'एकदा म्हणा' हे ठीक, पण काही जण तेच वचन पन्नासदा घोकतात आणि मग विचार गेला की नाही हे तपासत बसतात. तपासणं म्हणजे त्याला पुन्हा बोलावणंच. वचन म्हणून झालं की विचार गेला नाही तरी काम सुरू करायचं.
आणि इग्नेशियसचा नियमही जोडते. मन कोरडं, उदास असताना आधी केलेला निश्चय बदलायचा नाही. त्या काळात प्रार्थना थोडी वाढवावी, पण वळण घेऊ नये.

वेशीपाशी
तिसरा प्रश्न माझा आवडता. पवित्र शास्त्रात धीर सुटल्याची उदाहरणं इतकी नेमकी आहेत की त्यांवरून तपासणी करता येते.

1 शमुवेल 13. शौल राजा संदेष्टा शमुवेलची वाट पाहत गिलगालात सात दिवस थांबला, म्हणजे मुदत पाळली. पण लोक पांगू लागले, आणि शमुवेल येईना म्हणून त्याने स्वतःच होमार्पण केलं. ते संपतं न संपतं तोच शमुवेल हजर. 'मला भाग पडलं' असं शौल म्हणतो. त्याच्याजवळ सहाशे माणसं उरली होती, आणि पुढच्याच अध्यायात योनाथान व त्याचा शस्त्रवाहक या दोघांनी शत्रूची दाणादाण उडवली. म्हणजे माणसांच्या संख्येची धास्ती मुळात फोल होती.

उत्पत्ती 16. देवाने संततीचं अभिवचन दिलेला अब्राम 75 वर्षांचा असताना निघाला. कनानात दहा वर्षं गेल्यावर मूल होईना म्हणून त्याची बायको साराय हिने आपली दासी हागार पुढे केली. हागारेला इश्माएल झाला तेव्हा अब्राम 86 चा, सारायला इसहाक झाला तेव्हा 100 चा. अभिवचनावर दोघांचा विश्वास होता, पण ते पुरं करायची रीत त्यांनी स्वतः ठरवली, आणि त्याबद्दल देवाला विचारल्याचा उल्लेख नाही.

यावरून स्वतःला तीन प्रश्न. मी जे करायला निघालोय ते माझं काम आहे की दुसऱ्या कुणाचं? (होमार्पण शौलाचं नव्हतं.) मला घाई परिस्थितीमुळे झालीय की लोक सोडून जातील या भीतीने? यात तिसऱ्याच कुणाला किंमत मोजावी लागणार आहे का? हागारेला मोजावी लागली. तिन्हींची उत्तरं स्वच्छ असतील तर कामाला लागा, देवाची वाट पाहण्याच्या नावाखाली थांबू नका. नोकरीसाठी अर्ज करणं, आजारात औषध घेणं, भांडण मिटवायला आपणहून जाणं, ही आपलीच कामं. थेस्सलनीकाच्या काही जणांनी काम सोडलं तेव्हा पौलाने त्यांना 'धीर धरणारे' म्हटलं नाही, काम न करणाऱ्याने खाऊही नये असं लिहिलं.

करायचं काय? हबक्कूक 2 मध्ये हा संदेष्टा पहाऱ्यावर उभा राहतो आणि त्याला सांगितलं जातं की दर्शन पाट्यांवर लिहून ठेव. तुम्हीही लिहा. वहीचं पान दोन भागांत, डावीकडे 'माझ्याकडचं', उजवीकडे 'त्याच्याकडचं', वर तारीख. डावीकडचं या आठवड्यात उरकायचं. उजवीकडच्याला हात लावायचा नाही, फक्त रोज नाव घेऊन सोपवायचं. महिन्यातून एकदा पान उघडून बघा, कारण बाबी जागा बदलतात. काल जे त्याच्याकडचं होतं ते दार उघडल्यावर आज तुमच्याकडचं होतं, आणि नेमकं तिथेच सवयीने थांबून राहणारे खूप.

आणि तक्रार करायला घाबरू नका. 13व्या स्तोत्राच्या पहिल्या दोन वचनांत चार वेळा 'कोठवर' आहे. गप्प गिळलेली नाराजी पुढे कडवट होते.

दिवटी
सगळ्यांचे आभार. वहीच्या दोन रकान्यांची गोष्ट अभ्यासगटात नक्की घेणार. आणखी एकच. गटाला महिन्यातून एक रात्र जागरण-प्रार्थना करायची आहे. तीही याच्यातच बसते का, की नुसता उत्साह?

जुना_सेवक
बसते, पण बेताने. पहिल्यांदाच रात्रभर बसवू नका. अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभूने पेत्राला 'घटकाभरही जागता आलं नाही?' असंच विचारलं, आणि देह अशक्त आहे हेही त्यानेच मान्य केलं. रात्री नऊ ते बारा पुष्कळ. ज्यांना पुढे न्यायचं असेल त्यांनी पाळ्या लावाव्यात, दर पाळी एक तास, दोघं-दोघं. एकट्याला ठेवलं तर पहाटे तीनला तो झोपतो किंवा फोन काढतो.

तासाचे तुकडे आधी ठरवून कागदावर लिहा. दहा मिनिटं एक स्तोत्र मोठ्याने (130 किंवा 91), पंधरा मिनिटं निःशब्द, वीस मिनिटं नावं घेऊन मध्यस्थी, दहा मिनिटं उभं राहून किंवा चालत, शेवटची पाच पुढच्या जोडीला उठवायला. निःशब्द भाग एकदम सुरुवातीला किंवा एकदम शेवटी ठेवलात तर हमखास डुलक्या. मध्यस्थीची नावं कागदावर हवीत, रात्री दोनला आठवत नाहीत. आणि माणूस उठवताना हाक मारा, दिवा लावू नका, बाकीच्यांची झोपमोड होते.

दुसऱ्या दिवशी ज्यांना लांबचं वाहन चालवायचंय, मुलाला अंगावर पाजायचंय किंवा झोपेशी संबंधित आजार आहे त्यांना पाळी देऊच नका, त्यांनी मागितली तरी. झुडपाखाली मरण मागणाऱ्या संदेष्टा एलीयाला देवदूताने आधी भाकर-पाणी दिलं, त्याला पुन्हा झोपू दिलं, परत उठवून खाऊ घातलं आणि मगच चाळीस दिवसांच्या वाटेला लावलं.