खोटं बोलणाऱ्या पाहुण्याला लाइव्ह कशाला बसवता?

(एका ऑनलाइन चर्चेतून. प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

तळटीप

राजकीय पाहुणा कॅमेऱ्यासमोर धडधडीत खोटं बोलतोय, किंवा समोरच्याला एक वाक्य पुरं करू देत नाहीये. अशा वेळी अँकरनं काय करावं? चर्चा नेहमी अँकरच्या धिटाईवर येते. ठणकावून विचारा, तोंडावर पाडा, हाकलून द्या. माझ्या मते स्टुडिओतला लाल दिवा लागला की अर्धा सामना गेलेला असतो, कारण निर्णय त्याच्या आधी घ्यायचा असतो. ज्या प्रवक्त्याचं विधान पुराव्यानिशी खोटं ठरलं आणि त्यानं ते मागे घेतलं नाही, त्याला पुढच्या वेळी लाइव्ह बसवू नये. मुलाखत रेकॉर्ड करावी, तपासावी आणि मग दाखवावी. बंदी नको, लाइव्ह नको. एवढंच म्हणणं आहे.

यामागे वेळेचं साधं गणित आहे. खोटं विधान करायला दहा सेकंद पुरतात. ते खोडायचं तर तारीख, आकडा, कागद, सगळं लागतं. उत्क्रांतिवादाचे विरोधक ड्युएन गिश वादविवादात एका दमात इतके दावे फेकत की समोरच्यानं धरायचं कुठलं, हेच कळत नसे. युजिनी स्कॉट यांनी 1994 मध्ये या तऱ्हेला 'गिश गॅलप' असं नाव दिलं. आज बऱ्याच प्रवक्त्यांची हीच रीत आहे. अँकर पहिला दावा पकडतो तोवर बाकीचे घराघरांत पोचलेले असतात. शिवाय तेच तेच विधान कानावर पडत राहिलं की ते खरं वाटू लागतं, हे मानसशास्त्रज्ञांनी 1977 मध्येच प्रयोगानं दाखवलंय. म्हणजे खोडून काढण्यासाठी ते पुन्हा उच्चारलं, तरी थोडं नुकसान होतंच.

रेकॉर्डिंगनं काय साधतं, त्याचं जुनं उदाहरण म्हणजे ब्रिटिश मुलाखतकार डेव्हिड फ्रॉस्ट यांनी वॉटरगेट घोटाळ्यामुळे पायउतार झालेल्या रिचर्ड निक्सन यांची घेतलेली मुलाखत. तेही 1977 चंच. अठ्ठावीस तासांच्या आसपास चित्रीकरण झालं, संकलनावर निक्सन यांचा काडीचा अधिकार नव्हता, आणि फ्रॉस्ट यांच्या संशोधकांनी वॉटरगेटच्या काळातल्या संभाषणांचे उतारे शोधून हाताशी ठेवले होते. कसलेला वकील आणि अमेरिकेचा माजी राष्ट्राध्यक्ष असलेला तो माणूस शेवटी आपण जनतेला निराश केल्याचं बोलून गेला. आवाज चढवून हे झालं नसतं.

मध्येच तोंड घालणाऱ्यांचा प्रश्न मला त्या मानानं सोपा वाटतो. नियम आधी सांगा, पाळला नाही तर माइक बंद.

हेडफोन

तळटीप, तुमचा उपाय वाचून मला पाहुण्यापेक्षा चॅनेलचीच जास्त भीती वाटली. रेकॉर्ड करायचं म्हणजे कात्री चॅनेलच्या हातात द्यायची. 'खोटं' काय हे ठरवणार कोण? ज्यांच्या पडद्यावर खालची पट्टी दिवसभर ओरडत असते, तेच लोक ना? लाइव्ह हे पाहुण्याचंही संरक्षण असतं. तो जे बोलला ते तसंच्या तसं गेलं, एवढी तरी खात्री असते. उद्या एखाद्या खऱ्या बोलणाऱ्या विरोधकावर 'याचं मागचं विधान वादग्रस्त होतं' असा शिक्का मारून त्याची वीस मिनिटं दोन मिनिटांवर आणली, तर कुठे दाद मागायची?

आणि फ्रॉस्टचं उदाहरण अर्धंच दिलंत. निक्सन यांना त्या मुलाखतीसाठी 6 लाख डॉलर आणि वर नफ्यात वाटा ठरला होता. पैसे मोजून बसवलेला, सत्ता गेलेला माणूस होता तो. रोज रात्री सहा चौकटींत येणाऱ्या प्रवक्त्याशी त्याची तुलना कशी करता?

माइक बंद करणं 'सोपं' म्हणता, तर हेही ऐका. द्वेषमूलक भाषणांच्या खटल्यात जानेवारी 2023 मध्ये न्यायमूर्ती के. एम. जोसेफ यांनी भर सर्वोच्च न्यायालयात अँकरनाच सुनावलं होतं, की तुम्ही पाहुण्यांचा आवाज बंद करता किंवा त्यांना दुसरी बाजू मांडूच देत नाही, म्हणजे तुम्हीच या प्रश्नाचा भाग आहात. ज्याच्याबद्दल तक्रार आहे त्याच्याच हातात तुम्ही आणखी एक बटण देताय.

खोडरबर

दोघंही यंत्रावर अडकलात. लाइव्ह की रेकॉर्डेड, माइक चालू की बंद. मुलाखत घेणाऱ्याला प्रश्न विचारता येतो का, ते बघा की!

मे 1997 मध्ये बीबीसीच्या 'न्यूजनाइट'वर जेरेमी पॅक्समन यांनी ब्रिटनचे माजी गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांना एकच प्रश्न विचारला: तुरुंग खात्याच्या प्रमुखाला, तुझा निर्णय फिरवीन, अशी धमकी तुम्ही दिली होती का? हॉवर्ड वळसे घेत राहिले आणि पॅक्समन तोच प्रश्न शब्द न बदलता, आवाज न चढवता, डझनभर वेळा विचारत राहिले. उत्तर मिळालं नाही, पण प्रेक्षकाला जे कळायचं ते कळलं. त्यासाठी माइक बंद करावा लागला नाही की मागून संकलन करावं लागलं नाही. दहा दाव्यांतला एक निवडायचा, तो सोडायचा नाही आणि बाकीच्या नवांचा मोह टाळायचा. गिश गॅलपला याहून चांगलं उत्तर मला तरी माहीत नाही.

करण थापर यांची 2007 ची नरेंद्र मोदींची मुलाखतही आठवा. 2002 च्या दंगलींवरचे प्रश्न सुरू झाले आणि तेव्हाचे गुजरातचे मुख्यमंत्री जेमतेम तीनेक मिनिटांत मुलाखत सोडून उठले. ती तीन मिनिटं लोक अजूनही शोधून बघतात.

हेडफोन

@खोडरबर, पॅक्समन यांनी पुढे स्वतःच सांगितलंय की कार्यक्रमातला पुढचा भाग तयार नव्हता, वेळ काढायचा होता आणि दुसरा प्रश्न सुचेना, म्हणून तोच विचारत राहिलो. :) जगभर शिकवला जाणारा धडा असा जन्माला आला. तरी तुमच्या मुद्द्याशी मी तळटीपांपेक्षा जास्त सहमत आहे.

तळटीप

कारण काहीही असो, धडा चांगलाच आहे. पण हॉवर्ड यांना लाज होती म्हणून तो चालला, हे लक्षात घ्या. ते शब्द जपून वापरत होते, थेट खोटं बोलायचं टाळत होते. ज्याला उघडं पडण्याची भीतीच नाही, त्याला बारा वेळा विचारलंत तर तो बारा वेळा तेच खोटं सांगेल आणि सकाळी त्याचे समर्थक तीच क्लिप 'कसा धुतला' म्हणून फिरवतील. जानेवारी 2018 मध्ये सीएनएनच्या जेक टॅपर यांनी ट्रम्प यांचे व्हाइट हाउसमधले सल्लागार स्टीफन मिलर यांची लाइव्ह मुलाखत मध्येच तोडली, प्रेक्षकांचा पुरेसा वेळ वाया घालवला म्हणून. ट्रम्प यांनी लगेच मिलर यांचं जाहीर कौतुक केलं. मिलर यांना प्रेक्षकांशी बोलायचंच नव्हतं, एकाच प्रेक्षकाला खूश करायचं होतं. अशा पाहुण्यापुढे तुमचा धीराचा प्रश्न काय करणार?

थापर यांचं उदाहरण तर तुमच्याच विरोधात जातं. त्या तीन मिनिटांनंतर बड्या नेत्यांनी काय धडा घेतला? अवघड प्रश्न विचारणाऱ्याकडे जायचंच नाही.

पीसीआरमधला

बरीच वर्षं चॅनेलच्या कंट्रोल रूममध्ये (पीसीआर) काढली, म्हणून चार ओळी.

पडद्यावर 'मध्ये तोंड घालणारा' दिसतो तो दर वेळी उर्मट असतोच असं नाही. बाहेरून जोडलेल्या पाहुण्याला प्रश्न सेकंदभर उशिरा ऐकू जातो. त्याचं उत्तर येतं तेव्हा इथे दुसरा बोलायला लागलेला असतो. दोघं थांबतात, दोघं परत एकदम सुरू होतात. घरी बघणाऱ्याला वाटतं भांडण चाललंय. त्यात चौकटी सहा. हे टाळायचं तर दोनच माणसं बसवा, तीही स्टुडिओत, समोरासमोर.

माइकचा फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची कळ, अँकरच्या हातात नसतो, साउंडवाल्याच्या हातात असतो, आणि त्याला सांगणारा प्रोड्यूसर असतो. तोच प्रोड्यूसर टॉकबॅकवर अँकरच्या कानात काय सांगत असतो, ते ऐकलंत तर ही चर्चा वेगळी होईल. 'चालू दे, भांडू दे' हे मी किती वेळा ऐकलं त्याची गणती नाही. त्या क्षणी अँकरनं सभ्यपणे थांबवलं तर बोलणी त्यालाच बसतात.

खोडरबर

म्हणजे अँकर बिचारा? त्यांचे लाखोंचे चाहते आहेत, नावावर कार्यक्रम चालतात. कानात कोणी काही सांगितलं म्हणून तोंडातून तेच यायला हवं असं थोडंच आहे.

पीसीआरमधला

बिचारा म्हटलं नाही. एकटा नाही, एवढंच म्हटलं.

हेडफोन

माइकबद्दल अजून एक. अमेरिकेत सप्टेंबर 2020 च्या पहिल्या अध्यक्षीय वादविवादात सूत्रसंचालक क्रिस वॉलेस यांचं कोणी ऐकेना, म्हणून ऑक्टोबरच्या फेरीत एकाच्या सुरुवातीच्या दोन मिनिटांत दुसऱ्याचा माइक बंद ठेवला. ऐकायला खूपच बरं झालं. जून 2024 मध्ये सीएनएननं तोच नियम आणखी कडक केला, प्रेक्षकही नव्हते, पण सूत्रसंचालकांनी तथ्यं दुरुस्त करायची नाहीत असं ठरलं होतं. झालं काय? चुकीची विधानं शांतपणे, एकही अडथळा न येता निघून गेली आणि चॅनेलच्याच तथ्य तपासणाऱ्यानं ती नंतर मोजून दाखवली. तेव्हा शिस्त लावली म्हणजे खोट्याचा बंदोबस्त झाला, असं समजू नका. कित्येकदा गोंधळच बरा. निदान काहीतरी बिनसलंय हे प्रेक्षकाला कळतं तरी.

तळटीप

हा मुद्दा मानायला हवा. पण त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ट्रम्प आणि कमला हॅरिस यांच्या वादविवादात एबीसीच्या डेव्हिड म्यूर आणि लिन्सी डेव्हिस यांनी माइकचा नियम ठेवून मोजकी दुरुस्ती जागच्या जागी केली. स्थलांतरित लोक पाळीव प्राणी खातात असा दावा ट्रम्प यांनी केला, तेव्हा म्यूर यांनी शांतपणे सांगितलं की तिथल्या प्रशासनाकडे आम्ही चौकशी केलीय, असा विश्वासार्ह अहवाल नाही. भाषण नाही, चढा आवाज नाही. आधीच चौकशी करून ठेवली होती म्हणून हे जमलं.

हेडफोन

आणि ट्रम्प यांनी 'तिघांविरुद्ध मी एकटा' अशी तक्रार केली, जी त्यांच्या मतदारांना पटली. दुरुस्ती ज्याच्यासाठी केली त्याच्यापर्यंत ती पोचलीच नाही.

तळटीप

सगळ्यांना पटेल अशी दुरुस्ती नसतेच. ज्याचं मत अजून बनलेलं नाही, त्याच्यासाठी ती करायची. कात्रीची भीती मात्र रास्त आहे, म्हणून दोन अटी जोडतो. रेकॉर्ड केलेली अख्खी मुलाखत, न कापता, चॅनेलनं संकेतस्थळावर ठेवायची. आणि कुणाला कोणत्या विधानामुळे लाइव्ह बसवत नाही, ते विधान, तारीख, पुरावा, त्याचा खुलासा, सगळं जाहीर यादीत टाकायचं. विधान मागे घेतलं की नाव यादीतून बाहेर. सत्ताधारी असो की विरोधक, नियम एकच.

हेडफोन

अख्खी मुलाखत ठेवणार असाल तर माझा निम्मा विरोध गेला. यादीला मात्र विरोध कायम. ती चॅनेल करणार, आणि चॅनेलचा मालक ज्याच्यावर खूश आहे त्याचं नाव तिच्यात कधी येणार नाही.

पीसीआरमधला

यादी कोणीही करा. नऊच्या चर्चेला ठरलेला पाहुणा साडेआठला 'अडकलोय' म्हणून कळवतो. मग गेस्ट कोऑर्डिनेशनचा पोरगा फोन लावत सुटतो. अभ्यास केलेला माणूस विषय विचारतो, अर्धा तास मागतो, 'आणखी कोण कोण आहे' विचारून नाही म्हणतो. यादीतला पहिल्या रिंगला उचलतो, विषय न विचारताच विचारतो, 'लिंक पाठवताय ना?'