मदत हवी आहे: खराब रस्त्यावर पुढून डावीकडून कटकट, लिंक रॉड गेलाय की खरंच सगळं सस्पेंशन?

मंडळी, गाडी २०१४ची डिझेल हॅचबॅक, ९२ हजार किलोमीटर झालेली. मी चिपळूणला असतो, पंधरा दिवसांतून एकदा कुंभार्ली घाट चढून कराडला आईकडे जातो. रस्त्याचं वर्णन करत नाही, ज्यांनी पाहिलाय त्यांना माहीत आहे.

गेल्या पावसाळ्यापासून पुढून डावीकडून आवाज येतोय. स्टीलच्या डब्यात दोन सुपाऱ्या टाकून हलवल्यासारखा. आई परवा मागे बसली होती, म्हणाली, "गाडीखाली भांडी बांधलीयस का रे?"

आवाज कधी येतो ते नीट लिहितो, कारण माझा गोंधळ तिथेच आहे. वेग २०-३० असताना, पेव्हर ब्लॉकवर किंवा ठिगळं मारलेल्या डांबरावर हमखास येतो. गतिरोधकावर सरळ चढलो तर जवळजवळ नाही, तिरका चढलो तर खट-खट दोनदा. गाडी उभी करून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं तर काही नाही. चांगल्या रस्त्यावर ६०-७०ला एकदम शांत.

गॅरेजवाल्याने गाडी एक चक्कर मारून आणली आणि सांगितलं, दोन्ही जंपर (शॉक ॲब्सॉर्बर), वरची माउंटिंग, दोन्ही लोअर आर्म (चाक खालून धरणारे दांडे), सगळं मिळून साडेसोळा हजार. यातलं खराब नक्की काय आहे विचारलं तर म्हणे, "साहेब, नव्वद हजार झाले, आता होणारच."

मला संशय लिंक रॉडचा आहे, म्हणजे अँटी रोल बारला सस्पेंशनशी जोडणाऱ्या छोट्या दांड्याचा. म्हणून डावी बाजू जॅकवर उचलली, चाक वर-खाली आणि डावं-उजवं धरून हलवलं, प्ले (ढिलेपणा) नाही. लिंक हाताने हलवून पाहिला, तोही टाइट. मग आवाज कुठून? आणि लिंकच निघाला तर घरी बदलता येईल का? माझ्याकडे गोटी पान्यांचा सेट आणि दोन जॅक स्टँड आहेत.

प्रतिसाद १

तुमची तपासणी तिथेच चुकली. अँटी रोल बार (वळणावर गाडी कमी कलावी म्हणून लावलेली सळई) डावं आणि उजवं चाक एकमेकांना बांधून ठेवतो. एकच बाजू उचलली की बार पिळला जातो, लिंक ताणाखाली येतो आणि त्याच्या टोकाचा झिजलेला गोळासुद्धा घट्ट वाटतो. दोन्ही चाकं जमिनीवर ठेवून बघा. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा म्हणजे हात आत जाईल. हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना दगड लावा, इंजिन बंद. मग लिंकच्या वरच्या गोळ्यावर बोटं ठेवा आणि कुणाला तरी गाडी बाजूने हलवायला सांगा. प्ले असेल तर बोटांना टिक-टिक लागते, कानांची गरजच नाही.

गतिरोधकाचं कोडंही यातच आहे. दोन्ही चाकं एकदम उचलली गेली तर बार पिळत नाही, लिंकवर भार येत नाही. एकच चाक खड्ड्यात गेलं की येतो. तुमचं वर्णन लिंककडेच बोट दाखवतंय. तरी खात्री नसेल तर दोन्ही लिंक काढा, बारची टोकं कुठे घासणार नाहीत बघा आणि त्याच पेव्हर ब्लॉकवरून हळू जाऊन या. आवाज गेला तर लिंक किंवा बारचे बुश (रबरी आधार). घाटात मात्र अशी गाडी नेऊ नका, वळणावर जास्त कलते.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण एक गोष्ट आधी करा, फुकट आहे. आवाज येत असताना ब्रेकवर अगदी हलका पाय ठेवा. आवाज थांबला तर कॅलिपरच्या (ब्रेक पॅड दाबणाऱ्या भागाच्या) पिना किंवा पॅड वाजतायत. याच आवाजापायी मी एकदा लिंक बदलून बसलोय.

आणि लोअर आर्मच्या बॉल जॉइंटकडे (आर्म चाकाकडे जोडणाऱ्या गोल सांध्याकडे) दुर्लक्ष करू नका. लिंक तुटला तर गाडी झोलते इतकंच. बॉल जॉइंट निखळला तर चाक आडवं होतं. गॅरेजवाला अंदाजपंचे बोलला असेल, पण गाडी खाली वाकून बघायला हवीच.

प्रतिसाद ३

घरी होतं. त्रास एकच: नट फिरवला की त्याच्याबरोबर आतला स्टडही फिरतो. म्हणून स्टडच्या टोकाला ॲलन कीचं भोक असतं. की आत धरून ठेवायची आणि रिंग पान्याने नट सोडायचा. आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारा, सकाळी तारेच्या ब्रशने आटे घासा, आणि भोकातली माती टाचणीने कोरून काढा. माती तशीच ठेवून की घातली तर भोक गोल होतं, मग करवत. पुढची दोन्ही चाकं एकाच उंचीवर स्टँडवर घ्या, बार सैल राहतो. नुसत्या जॅकवर खाली जायचं नाही. बदलताना जोडीच बदला. अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) लागत नाही, लिंकचा त्याच्याशी संबंध नाही.

धागाकर्त्याकडून अपडेट

सगळ्यांचे आभार. ब्रेकची युक्ती आधी केली, आवाज तसाच. मग मुलीला गाडी हलवायला उभं केलं आणि बोटं ठेवली. टिक! सांगितल्याबरहुकूम. उजवीकडे काही लागलं नाही.

रविवारी दोन्ही बदलले, जोडी अकराशेला मिळाली. उजवा पंधरा मिनिटांत निघाला. डाव्याचा वरचा नट मात्र कोकणातल्या पावसाने असा धरलेला की भोक गोल झालंच (माती काढली होती हो!) आणि चाळीस मिनिटं करवत चालवली. जुन्या लिंकचं रबर फाटलेलं, आत ग्रीसच्या जागी लाल चिखल. लिंक आडवा धरला की गोळ्याचा दांडा आपल्याच वजनाने खाली पडतो. नव्याचा अंगठ्याने जोर लावूनही जेमतेम हलतो.

बहादूरशेख नाक्यापर्यंत मुद्दाम सगळ्यात वाईट कडेने गेलो. आवाज नाही.

पण खाली होतोच म्हणून लोअर आर्मही पाहिले. बॉल जॉइंट दोन्हीकडे घट्ट आहेत. डाव्या आर्मच्या मागच्या बुशच्या रबराला मात्र एका बाजूने भेग आहे, नख जेमतेम जातं. ब्रेक मारताना गाडी ओढत नाही, टायर समान झिजलेत. नुसता बुश प्रेसवर बदलून घ्यावा, की अख्खा आर्मच टाकावा? आणि जूनपर्यंत थांबलं तर चालेल का?