रेसिंग ट्रॅकवर टायरमध्ये हवा किती ठेवायची? गुरुवारी निघतोय, लवकर सांगा

रंकाळा_राइड
मंडळी, प्रश्न एकच आहे. रस्त्यावर मी ३४ पीएसआय ठेवतो. ट्रॅकवर किती ठेवू? मागच्या वेळी ३६ ठेवली होती. परत येताना कागलच्या अलीकडं सर्व्हिस रोडला एका खड्ड्यात गाडी आदळली आणि पुढच्या डाव्या टायरला फुगा आला, अंगठ्याच्या पेराएवढा. पुढचे दोन्ही टायर नवीन घ्यावे लागले. परत तसलं काही नको आहे. आकडा सांगा, बाकीचं मला माहीत आहे.

उद्यमनगरकर
गाडी कुठली? टायरचा साइज? ट्रॅक कुठला? आणि ३६ थंड टायरला की गरम? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

घाटवाट_०९
टायरच्या कडेवर कमाल प्रेशर छापलेलं असतं, त्याच्या थोडं खाली ठेवा. मी गगनबावड्याला कायम ४२ वर जातो. स्टिअरिंग हलकं लागतं आणि ॲव्हरेजही वाढतं.

उद्यमनगरकर
@घाटवाट, कडेवरचा आकडा म्हणजे त्या टायरमध्ये जास्तीत जास्त किती हवा मावते तो. गाडीला किती लागते ते दाराच्या चौकटीवर नाहीतर पेट्रोलच्या झाकणाच्या आत लिहिलेलं असतं. ओल्या घाटात ४२ वर जाऊ नका, कळकळीनं सांगतोय. टायर मधल्या पट्ट्यावरच टेकतो.

रंकाळा_राइड
स्कोडा ऑक्टाव्हिया व्हीआरएस. २२५/४० आर१८, चारही सारखे. कोईमतूरचा कारी ट्रॅक. आता सांगा.

शाहूपुरी_टर्बो
ऑक्टाव्हिया म्हणजे सेडान झाली, स्पोर्ट्स कार नव्हे. स्पोर्ट्स कारला इंजिन मध्ये किंवा मागं असतं, पुढच्या-मागच्या टायरचे साइज वेगळे असतात, प्रेशरही वेगळं. तुम्ही धाग्याचं नाव बदला.

जोतिबा_एक्सप्रेस
धाग्याच्या नावात स्पोर्ट्स कार कुठं लिहिलंय भावा? आणि माझदाची मिआटा स्पोर्ट्स कारच, तिचं इंजिन पुढंच असतं की. ती काय मग टेम्पो झाली?

पंचगंगा७७
नायट्रोजन भरा. प्रेशर वाढतच नाही, त्यामुळं हा प्रश्नच राहणार नाही. मी चार वर्षं भरतोय, एकदाही बघावं लागलं नाही.

जोतिबा_एक्सप्रेस
चार वर्षं बघितलंच नाही, मग वाढलं नाही हे कशावरून? साध्या हवेतसुद्धा ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोन्ही सारखेच फुगतात. फरक पडतो तो ओलाव्याचा. पंपावरच्या हवेच्या टाकीतलं पाणी रोज काढलं नाही तर ते हवेबरोबर टायरमध्ये जातं आणि तापलं की वाफ होऊन प्रेशर उगाच वाढवतं. कोरडी हवा भरली तरी काम होतं.

पंचगंगा७७
विमानाच्या टायरमध्ये काय भरतात मग?

उद्यमनगरकर
विमानात नायट्रोजन भरतात, कारण आग लागायला नको आणि वर गेल्यावर ओलावा गोठायला नको. आता मुद्द्यावर या. @रंकाळा, तिसऱ्यांदा विचारतोय, ३६ थंड की गरम? ३४ चे ३६ केले असतील तर खड्ड्यात टायर वाचायला पाहिजे होता. काहीतरी सांगायचं राहिलंय तुमचं.

रंकाळा_राइड
दोनदाच विचारलंय. सकाळी थंड टायरला ३४ भरले होते. दुसऱ्या सेशननंतर बघितलं तर पुढचे ४३! पॅडॉकमधला (ट्रॅकशेजारी गाड्या लावतात तिथला) एक जण म्हणाला ३६ वर आण, म्हणून हवा सोडली. मग गाडी खरंच छान वळायला लागली. दुसऱ्या दिवशी पहाटे निघालो. डिकी भरलेली, मागं बायको आणि मुलगा. डॅशबोर्डवरचा टायरच्या हवेचा दिवापण लागला नाही. म्हणजे हवा बरोबरच होती की.

उद्यमनगरकर
हेच पहिल्या पोस्टमध्ये लिहायचं होतं. आता हिशोब बघा. गेज जे दाखवतं त्यात बाहेरच्या हवेचे १४.७ मिळवायचे, मग तापमानाचा हिशोब लागतो. ३६ चे झाले ५०.७. त्या वेळी टायर साधारण ८० अंशांवर होता, पहाटे २५ वर आला. ५०.७ गुणिले २९८ भागिले ३५३, म्हणजे ४२.८. त्यातून १४.७ वजा करा. उरले २८.

तुम्ही २८ वर, भरल्या गाडीनं, सगळं अंतर तोडून कागलपर्यंत आलात. ४० प्रोफाइलची साइडवॉल जेमतेम ९० मिलिमीटर असते. खड्ड्याच्या काठावर ती रिमच्या आणि डांबराच्या मध्ये चिमटली, आतले धागे तुटले. फुगा त्याचाच. फुगा आलेला टायर स्टेपनीलाही ठेवू नका.

आणि दिव्याचं, हवा सोडल्यावर तुम्ही सेट केलंत का?

रंकाळा_राइड
हो. पॅडॉकमध्येच केलं होतं.

उद्यमनगरकर
मग कसा लागणार दिवा? तुमच्या गाडीत टायरमध्ये वेगळा सेन्सर नसेल तर ती एबीएसच्या सेन्सरवरून चाक किती फिरतंय ते मोजते. सेट केलं की त्या वेळची हवा हीच बरोबर असं ती धरून चालते. चारही टायर एकदम थंड होऊन बसले तर तिला फरक कळतच नाही.

केटीएम_कळंबा
माझ्या ड्यूकला ट्रॅकवर मी पुढं-मागं ३० ठेवतो, एकदम चिकटून चालते. तुम्हीपण ३० ठेवा.

शाहूपुरी_टर्बो
बाइकचे आकडे गाडीला लावू नका. तसंच हुपरी रोडच्या मोहित्यांच्या ट्रॅकवर कार्टिंग करा आधी. मुलं तिथं दहा-बारा वर्षांची असताना शिकतात टायर कसा ओळखायचा ते. कोईमतूरपर्यंत जायची गरज नाही.

रंकाळा_राइड
कार्टिंग केलंय. पैसे भरलेत, जाणार आहे. आकडा??

जोतिबा_एक्सप्रेस
गरम टायरला ३७-३८ धरा, रस्त्याच्या टायरला तेवढं चालतं. सकाळी पुढं थंड ३० भरलेत तर तापून ३८ च्या आसपास येतील. पण आकड्यावर विसंबू नका, टायर बघा. बुटाचं पांढरं पॉलिश घ्या आणि खांद्यावर, जिथं छोटा त्रिकोण असतो, तिथं आडवा पट्टा ओढा. सेशननंतर पॉलिश त्रिकोणाच्या टोकापर्यंत घासलं गेलं तर ठीक. त्याच्या खाली गेलं तर टायर कडेवर लोळतोय, दोन पीएसआय वाढवा. त्रिकोणापर्यंत पोचलंच नाही तर कमी करा. हवा पिटमध्ये आल्या आल्या बघा, चहा पिऊन झाल्यावर नको. गाडीची एक बाजू उन्हात असेल तर तेवढ्यानंही एक-दोनचा फरक पडतो.

घाटवाट_०९
मागं किती? मी तर म्हणतो मागं २८, मागची ग्रिप वाढेल.

जोतिबा_एक्सप्रेस
पुढची चाकं ओढणाऱ्या गाडीत मागची ग्रिप वाढवून काय करणार? ती गाडी आधीच वळणात सरळ पळायला बघते. मागं पुढच्यापेक्षा दोन जास्त.

उद्यमनगरकर
मला हे पटत नाही. नवख्या माणसानं पहिला दिवस चारही सारखे ठेवून काढावा. मागची बाजू अचानक सुटली तर सांभाळणार कोण? बुधवारी दुकानात या, तुमचं गेज माझ्या तपासलेल्या गेजशी लावून बघू. पंपावरच्या मीटरमध्ये तीन-चारचा फरक मी स्वतः बघितलाय. आणि डिकीत बारा व्होल्टचा कंप्रेसर ठेवाच. ट्रॅकवर सोडलेली हवा रस्त्याला लागायच्या आधी, टायर थंड झाल्यावर, परत भरायची. डिकी भरलेली असेल तर झाकणातला भरल्या गाडीचा आकडा धरायचा.

रंकाळा_राइड (शनिवार, दुपारी)
ट्रॅकवरून लिहितोय. माझं गेज उद्यमनगरकर अण्णांच्या गेजपेक्षा दीड जास्त दाखवत होतं, ते धरून पुढं ३०, मागं ३२ भरले. पहिल्या सेशननंतर पुढचा डावा ३९, उजवा ३७, मागचे ३६-३७. डाव्याची एक पीएसआय सोडली. पुढं पॉलिश बरोबर त्रिकोणाच्या टोकाला थांबलंय, बोट फिरवलं तर काठ लागतो. मागं मात्र पट्टा जवळजवळ आहे तसाच आहे. मागं कमी करू का? तीनला पुढचं सेशन आहे.

जोतिबा_एक्सप्रेस
मागं हात लावू नका. गाडी वळतेय ना?

उद्यमनगरकर
दोन कमी करा आणि पहिले दोन लॅप हळू काढा. कंप्रेसर नेलाय का?

रंकाळा_राइड
नेलाय. मागं एक कमी करतोय. उद्या सकाळी चारही परत भरून, सेट करून मगच निघणार. मुलगा आत्ताच पॉलिशची बाटली घेऊन चाकाजवळ बसलाय.

केटीएम_कळंबा
व्हीआरएस जुनी घ्यायची असेल तर कितीपर्यंत मिळेल?