बेडरूमच्या भिंतीला काळी बुरशी, लवकर मदत हवी आहे

सईची_आई
आठ दिवस झाले, डोकं फिरायची वेळ आलीये. बेडरूमच्या कोपऱ्यात छतापाशी काळे ठिपके येतात. पुसले की जातात, आठवड्यात परत हजर. मालकाला फोटो पाठवले तर म्हणतो, तुम्ही घरात हवा खेळू देत नाही, तुमच्यामुळेच झालंय. अहो, खिडकी दिवसभर उघडी असते! मुलगी दोन वर्षांची, त्याच खोलीत झोपते, खोकतेय. डॉक्टरांना दाखवून झालंय, तेव्हा तो सल्ला नको. कुठला रंग किंवा केमिकल मारलं की हे कायमचं जाईल, एवढंच सांगा. शनिवारपर्यंत कळलं तर बरं, रविवारी दुकानं बंद.

माजघर
गाव कुठलं? दुकानं बंद म्हणताय म्हणजे जर्मनी का? भिंत बाहेरच्या बाजूची आहे की दोन खोल्यांमधली? वरच्या मजल्यावर कुणाचं न्हाणीघर वगैरे?

भटक्या७७
लंडनला आम्ही हेच भोगलं. सरळ डीह्युमिडिफायर घ्या. आमचा रोज सकाळी दीड-दोन लिटर पाणी काढायचा. आणि ठिपक्यांवर ब्लीच. विषय संपला.

माजघर
भटक्या, पोर झोपतं त्या खोलीत ब्लीच? खोकल्यावर तो वास आणखी कशाला? आणि पाणी मुळात येतंय कुठून ते बघायचंच नाही का? मशीन बंद केलं की परत तेच.

भटक्या७७
आमचं तर गेलं. अनुभव सांगितला, पुढे त्यांची मर्जी.

दहीभात
ब्लीच नको, पांढरं व्हिनेगर मारा, माझी आई तेच करते.

सईची_आई
श्टुटगार्ट. तिसरा मजला, वर कुणी नाही. भिंत बाहेरची. खिडकी वरून तिरकी उघडतो ना, तशी असते दिवसभर. बेडरूमचा हीटर बंदच असतो, झोपताना गरम होतं. कपडे स्टँडवर बेडरूममध्ये वाळतात, बाल्कनी नाही, दुसरीकडे कुठे घालू? आणि बाहेर पाऊस चालू असताना खिडकी सताड उघडायची म्हणजे ओल आणखी आत येणार ना?

घरोघरी
ताई, श्टुटगार्टला आहात तर केरवोखेचं विसरू नका. तुमच्या आठवड्याला दारावर पाटी लागली की जिना तुम्ही झाडायचा, पुसायचा. आम्ही पहिल्या वेळी जिना नुसता झाडला, पुसला नाही, तर खालच्या आजी बादली घेऊनच वर आल्या. शब्दातच केर आहे, मराठी माणसाच्या लगेच लक्षात राहतो.

नेकरकाठ
सईची आई, तुमच्या शेवटच्या प्रतिसादात सगळं उत्तर आहे. मी इथे नऊ वर्षं आहे, पहिली दोन तुमच्यासारखीच गेली.

आधी पावसाचं. बाहेर ५ अंश असताना अगदी ओलीचिंब हवासुद्धा घनमीटरला जेमतेम ७ ग्रॅम वाफ धरते. घरात २० अंशाला तीच हवा १७ ग्रॅमपर्यंत धरू शकते. म्हणजे पावसातली हवा आत येऊन तापली की तिची आर्द्रता ४० टक्क्यांच्या आसपास उतरते, कोरडी होते. मुंबईच्या पावसाळ्याचा हिशोब इथे उलटा आहे, म्हणून आपल्याला पटत नाही.

तिरक्या खिडकीने हवा फारशी बदलत नाही, फक्त खिडकीभोवतीची भिंत गार पडते. त्यात हीटर बंद. गार भिंतीलगतच्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांवर काही दिवस टिकली तरी बुरशीला पुरते, पाण्याचे थेंब दिसायची गरज नाही. मशीनमधून पिळून निघालेल्या एका खेपेच्या कपड्यांत दोन-अडीच लिटर पाणी असतं आणि ते तुम्ही रोज त्याच खोलीत सोडताय.

तेव्हा सकाळी, संध्याकाळी आणि झोपायच्या आधी समोरासमोरच्या खिडक्या पाच ते दहा मिनिटं सताड उघडायच्या, मग घट्ट बंद. याला श्टोसल्युफ्टन म्हणतात, इथल्या बऱ्याच भाडेकरारांत लिहिलेलं असतं. हीटर मंद का होईना, चालू ठेवा. हवेतली आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर आणा, १० युरोत येतो. काटा ६० टक्क्यांच्या खाली हवा. इमारतीत खाली कपडे वाळवायची खोली आहे का ते विचारा.

दहीभात, व्हिनेगर चुन्याच्या गिलाव्यावर चालत नाही, चुना त्याला मारून टाकतो. इथलं सरकारी पर्यावरण खातं ७० ते ८० टक्क्यांचं अल्कोहोल सांगतं. खिडकी उघडी ठेवून लावा, आसपास ज्योत नको, मुलगी दुसऱ्या खोलीत. पण डाग अर्ध्या चौरस मीटरपेक्षा मोठा असेल तर आपण हात लावायचा नाही, ते जाणकाराचं काम.

माजघर
आणि स्वयंपाकाचं? शेगडीवरची चिमणी हवा बाहेर टाकते की नुसती गाळून परत घरातच सोडते? इथे बऱ्याच घरांत दुसरी असते. वरणभाताच्या तीन शिट्ट्यांची वाफ मग थेट बेडरूमच्या भिंतीवर.

सईची_आई
गाळून सोडते. कधी लक्षातच आलं नाही.

दहीभात
थंडीत दही लागतं का हो तुमच्याकडे? मी ओव्हनचा फक्त दिवा लावून रात्रभर आत ठेवते, घट्ट लागतं.

भटक्या७७
मी असतो तर भाडं कापलं असतं. मालकाची अक्कल ठिकाणावर येते.

नेकरकाठ
भटक्या, असं सांगू नका. भाडं कमी करायचा हक्क कायद्यात आहे, पण दोष भाडेकरूचा निघाला तर थकबाकी अंगावर येते, घर सोडायची नोटीसही येऊ शकते. आधी भाडेकरू संघटनेचं सदस्य व्हा, त्यांचा वकील बघतो. कोपऱ्यात कपाट आहे का? बाहेरच्या भिंतीपासून निदान हातभर नाही तरी वीतभर पुढे ओढा.

सईची_आई
हायग्रोमीटर आणला. सकाळी ७१ होता. दोन्हीकडच्या खिडक्या सात मिनिटं उघडल्या, ४८ वर आला! हे डोळ्यांनी बघितलं म्हणून विश्वास बसला.

पण नवऱ्याने आणि मी कपाट सरकवलं. मागे जमिनीपासून माझ्या कमरेपर्यंत काळं आहे, हाताला मऊ लागतं, भिंतीचा कागद सुटलाय. अर्ध्या मीटरच्या कितीतरी पुढे. सईची गादी आत्ता हॉलमध्ये टाकलीये. मालकाला जर्मनमध्ये पत्र लिहायचं आहे, कुणाकडे नमुना आहे का?

नेकरकाठ
आहे, रात्री व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. तोवर तिथे काहीही पुसू नका. फोटो काढा, शेजारी मोजपट्टी धरून, आणि हायग्रोमीटरचे आकडे रोज तारीख-वेळेसकट वहीत लिहा. बेडरूमचं दार बंद ठेवा.

घरोघरी
खोलीतले सईचे कपडेही धुऊन घ्या ताई.