व्हॅली रोडला उतरावं का?

मंडळी, नमस्कार,
आई-बाबा पुढच्या आठवड्यात येतायत. बाबांची सगळी नोकरी रेल्वेत गेली, त्यामुळे बॉस्टनला आल्यावर मॅटापॅनची जुनी ट्रॉली, म्हणजे ट्राम, त्यांना दाखवायचीच असं मी ठरवलंय. रेड लाइन मेट्रोने ॲशमाँटपर्यंत जायचं आणि तिथे बदलायचं एवढं माहितीय, पण मधे उतरावं कुठे? नकाशात व्हॅली रोड स्टेशन झाडीत दिसतंय. कोणी गेलंय का तिथे?

---

ताई, मी बरीच वर्षं व्हॅली रोडलाच चढतो-उतरतो म्हणून सांगतो, बाबांना तिथे उतरवू नका. स्टेशन रस्त्याच्या खाली आहे, वर यायला फक्त जिना, रॅम्प नाही की लिफ्ट नाही. ८ स्टेशनांपैकी हे एकच असं राहिलंय. २००७ मध्ये बाकीच्या ठिकाणी रॅम्प आले, तिथे चढून थेट गाडीच्या दाराच्या उंचीला जाता येतं आणि मधे फळी टाकतात, इथे उतारच इतका उभा की जमलं नाही. थंडीत पायऱ्यांवर बर्फ गोठला की मी कठडा दोन्ही हातांनी धरून उतरतो, मग सत्तरीतल्या माणसाचं काय.

पण स्टेशन मात्र माझं फार आवडतं. सकाळी कधी कधी फलाटावर मी एकटाच असतो, मग आधी तारा थरथरतात, नंतर रुळांचा आवाज येतो, आणि नारिंगी-क्रीम रंगाचा एकच डबा झाडीतून बाहेर येतो. छपरावरचा तो लांब दांडा बाबांना नक्की दाखवा, स्प्रिंगच्या जोरावर विजेच्या तारेला टेकलेला असतो, हल्लीच्या गाड्यांसारखा पँटोग्राफ, म्हणजे घडीचा सांगाडा, नाही. हे डबे १९४५-४६ चे, इथल्याच वूस्टरला बांधलेले. आणि लाइन फक्त २.६ मैलांची, १९२९ मध्ये जुन्या वाफेच्या गाडीच्या मार्गावर सुरू झाली.

---

काका, मी जरा वेगळं म्हणते. मिल्टन गावात या लाइनची ४ स्टेशनं आहेत, त्यांच्यामुळे गाव रॅपिड ट्रान्झिटवालं, म्हणजे मेट्रोसारखी सेवा असलेलं, धरलं गेलं, आणि म्हणून जास्त घरं बांधू देणाऱ्या नियमांवर २०२४ च्या फेब्रुवारीत मतदान झालं, पुढे प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. घरं जास्त बांधायची असतील तर ही ट्रॉली मोजायची, मग त्या जिन्याने ज्यांना उतरता येत नाही तीही माणसं मोजायला नकोत का? बॉस्टनच्याच ग्रीन लाइन या ट्राम मार्गावरच्या नव्या टाइप ९ गाड्या इथे आणायचा आणि स्टेशनं सुधारायचा बेत आहे, जुने डबे गेले तर मलाही वाईट वाटेल, तरी रॅम्प आधी व्हायला हवा.

---

दोघांचे आभार. आम्ही व्हॅली रोडला गाडीतूनच बघू. सीडर ग्रोव्हच्या पुढे गाडी स्मशानभूमीच्या मधूनच जाते म्हणतात, तिथे खिडकीपाशी बसवेन त्यांना. शेवटी मॅटापॅनला उतरू, डब्याला ड्रायव्हरची जागा एकाच टोकाला असल्यामुळे गाडी वळसा घेऊन तोंड फिरवते ना, ते बाबा दोन-तीनदा तरी बघणार. घाई नाहीये आम्हाला.