मदत हवी आहे: फॅक्टरी रायफलींची अचूकता ताडून कशी पाहावी?

मॅडिसनकर

नमस्कार मंडळी. नेमबाजी किंवा शिकारीचा अनुभव असलेल्या लोकांना विचारतोय. भारताबाहेर राहणाऱ्यांपैकी कुणी असेल तर फारच उत्तम.

मी विस्कॉन्सिनमध्ये राहतो. इथे थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी हरणांचा नऊ दिवसांचा बंदूक-हंगाम सुरू होतो आणि निम्मं ऑफिस रजेवर जातं. यंदा मीही जाणार आहे. हंटर सेफ्टीचा कोर्स (१९७३ पासून पुढे जन्मलेल्यांना इथे सक्तीचा आहे) करून झालाय. .३०८ विंचेस्टर काडतुसाची बोल्ट-अ‍ॅक्शन (प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट मागे-पुढे करायची) रायफल घेतली, स्वस्तातली. ऑफिसातल्या मित्राकडे त्याच कॅलिबरची, पण जवळपास दुप्पट किमतीची आहे. कंपन्यांची नावं मुद्दाम देत नाही, नाहीतर धाग्याचं कुरुक्षेत्र होईल. माझी 'अ', त्याची 'ब'.

दोन्ही रायफली रेंजवर वाळूच्या पिशव्यांवर टेकवून १०० यार्डांवर तीन-तीन गोळ्यांचे ग्रुप (एकाच नेमावर मारलेल्या छिद्रांचे पुंजके, जितका लहान तितका चांगला) काढले. सुरुवातीला 'अ'चा ग्रुप पाऊण इंच आला आणि 'ब'चा सव्वा इंच. मी हवेत! पुढच्या खेपेला 'अ' पावणेदोन इंच, 'ब' एक इंच. त्यानंतर परत उलटसुलट. मित्र म्हणतो, "तुझी विकून टाक, हंगामाआधी चांगली घे." यूट्यूबवर प्रत्येक जण पाव इंचाच्या छिद्राचा फोटो दाखवतो.

तर विचारायचं आहे की कोणती रायफल जास्त अचूक, हे घरगुती माणसाने ठरवायचं कसं? कंपन्या 'सब-एमओए गॅरंटी' देतात तिचा अर्थ नेमका काय? आणि महागडी घेऊन हरणाच्या बाबतीत खरंच काही फरक पडतो का?

तात्या_ह्यूस्टन

अभिनंदन! आता रायफल सोडून बाकी सगळ्यावर संशय घ्या.

आधी स्कोप (वरची दुर्बीण). तो धरणाऱ्या रिंगा आणि बेसचे स्क्रू टॉर्क रेंचने घट्ट आहेत का? कॉम्बो पॅकमध्ये फुकट आलेला स्कोप असेल तर दोष त्याचाही असू शकतो. मग अ‍ॅक्शनचे (बोल्ट बसतो त्या मधल्या भागाचे) स्क्रू. मग एक साधी परीक्षा: कागदाची घडी नळी आणि दस्ता यांच्या मधून सरकवा. नळी फ्री-फ्लोट (दस्त्याला कुठेही न टेकणारी) असेल तर कागद अडकायला नको. आणि ही परीक्षा रायफल पिशवीवर किंवा बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) ठेवून, नेहमीसारखं वजन टाकून करा. स्वस्त रायफलींचे प्लास्टिकचे दस्ते पुढच्या टोकाला लवचीक असतात. हातात धरल्यावर मोकळी वाटणारी नळी बायपॉडवर टेकवली की दस्त्याला चिकटते.

तिसरं, गोळी. दोघांनी एकच काडतूस वापरलं का? एकाच लॉटचं? माझी रायफल १५० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) एका गोळीवर रुसते आणि १६५ ग्रेनची घातली की सुतासारखी सरळ चालते. असं का, ते तिलाच विचारा.

शांतिदूत

निष्पाप प्राण्यांना मारायला एवढा आटापिटा? मराठी माणसाला हे शोभतं का?

मॅडिसनकर

@शांतिदूत, तुमचं मत समजू शकतो. इथे हरणांची संख्या आटोक्यात ठेवायचा हंगाम हाच मुख्य मार्ग आहे. २००२ पासून या राज्यातल्या हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीजही (हरणांना खंगवून मारणारा रोग) सापडतोय. आमच्या घरी हे मटण खाल्लं जाणार आहे. यावर वेगळा धागा काढा, तिथे येतो.

@तात्या, गोळी एकच होती, एकाच पेटीतली. बाकीचं तपासतो.

आकडेमोड

मी आयुष्यात हरणावर नेम धरलेला नाही, पण संख्याशास्त्र शिकवते. आणि हा प्रश्न बंदुकीचा कमी, संख्याशास्त्राचा जास्त आहे.

तुम्ही मोजताय ते ग्रुपमधल्या सगळ्यात लांबच्या दोन छिद्रांमधलं अंतर. या मापाची खोड अशी की गोळ्या वाढल्या की ते वाढतच जातं. गोळ्यांचा फैलाव सर्व दिशांना सारखा आणि नॉर्मल धरला, तर तीन गोळ्यांच्या ग्रुपची सरासरी २.४ सिग्मा (सिग्मा हे फैलावाचं माप) येते, पाचच्या ग्रुपची साधारण ३.१ आणि दहाच्या ग्रुपची ३.८. म्हणजे तीन गोळ्यांत सरासरी एक इंच देणारी रायफल दहा गोळ्यांत एक पूर्णांक सहा इंच देणार. रायफल तीच, माणूस तोच, बिघाड काही नाही.

आता तुमचा गोंधळ. तीन गोळ्यांचा ग्रुप प्रचंड चंचल असतो. त्याचं प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासूनची नेहमीची वर-खाली, सरासरीच्या जवळपास ३७ टक्के. सरासरी १.२ इंच देणारी रायफल घेतली तर ती निव्वळ योगायोगाने एकदा पाऊण इंच आणि एकदा पावणेदोन इंच दाखवेल, आणि त्यात आश्चर्य वाटायचं काहीच कारण नाही. तुमचे 'अ' आणि 'ब' चे सगळे आकडे याच पट्ट्यात बसतात. म्हणजे या दोन रायफलींत फरक आहे असं तुमच्या कागदांवरून सिद्धच होत नाही. नाही असंही सिद्ध होत नाही.

यूट्यूबवाले खोटं बोलतात असं नाही. दहा ग्रुप मारून सगळ्यात सुंदर तेवढा एक दाखवला की झालं. लग्नाच्या अल्बमवरून संसार कसा चाललाय ते ओळखायचं, असला प्रकार.

मग करायचं काय? लांबच्या दोन छिद्रांऐवजी सगळी छिद्रं वापरा. ग्रुपचा मध्य काढा, प्रत्येक छिद्राचं मध्यापासूनचं अंतर मोजा, सरासरी घ्या. याला मीन रेडियस म्हणतात. एकाही गोळीची माहिती वाया जात नाही. आणि वेगवेगळे छोटे ग्रुप मारले असतील तर नेमबिंदू जुळवून सगळी छिद्रं एकाच कागदावर उतरवा. आधी सावध करते: प्रत्येकी दहा गोळ्या झाडल्या तरी फैलावाच्या अंदाजात १७ टक्क्यांच्या आसपास चूक राहते, तीस झाडल्या तर नऊ टक्के. दोन रायफलींत २० टक्क्यांचा फरक असेल तर तीस-तीस गोळ्यांनंतरही छातीठोकपणे सांगता येणार नाही. दुपटीचा फरक मात्र दहा-दहा गोळ्यांतही बहुतेक वेळा दिसून येईल.

वऱ्हाडी_ठेचा

लय भारी ताई! आमचे सर असे शिकवते तं म्या नापास झालो नसतो.

राजेहो, आमच्या बुढ्याजवळ लायसनची ३१५ बोअर होती, ईशापूरच्या सरकारी कारखान्याची. काडतुसंही सरकारीच, बुडावर '८ एमएम केएफ' छापलेलं. केएफ म्हणजे आपलं खडकी, पुण्याचं. त्यायले कोणती गोळी रायफलीले मानवते हा प्रश्नच नोयता, भेटन ते घ्या. ७२ च्या कायद्यानं शिकार बंद झाली, मंग ते बंदूक राखणीपुरती रायली. आता रानडुकरं अन् रोही अख्खी तूर खाऊन जातात अन् आमी फटाके फोडतो.

नवाकोरा_एच१बी

धाग्याला थोडं सोडून विचारतो, माफ करा. मी एच-१बी वर आहे. मला रायफल विकत घेता येईल का?

तात्या_ह्यूस्टन

@नवाकोरा, फेडरल कायद्यानुसार नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्याला बंदूक आणि काडतुसं बाळगायलाच बंदी आहे. मात्र वैध हंटिंग लायसन असेल तर अपवाद आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागू होत नाही. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो, त्यात हेच विचारतात. पण राज्याचे नियम वेगळे असू शकतात आणि चूक झाली तर थेट व्हिसाच्या मुळाशी जाते. त्यामुळे फोरमवरच्या तात्याचं ऐकून काही करू नका, वकिलाला विचारा.

बाकी आकडेमोडबाई, तुमच्या क्लासला नाव घालायचंय.

उत्तरध्रुव

फिनलंडहून लिहितोय. गॅरंटीचा मुद्दा कुणी घेतला नाही म्हणून.

एमओए म्हणजे कोनाचं एक मिनिट, १०० यार्डांवर १.०४७ इंच. सब-एमओए म्हणजे ग्रुप त्याहून लहान. टिक्का एक एमओएची हमी देते, पण तीन गोळ्यांच्या ग्रुपची. वेदरबी व्हॅनगार्डची (ती जपानच्या होवा कारखान्यात बनते) हमी ०.९९ इंचाची, तीही तीनच गोळ्यांची, थंड नळीतून, चांगल्या दर्जाच्या काडतुसांनी. बर्गाराची एक एमओएची हमी मॅच दर्जाच्या (नेमबाजी स्पर्धेसाठी बनवलेल्या) फॅक्टरी काडतुसांवर. साकोची हमी पाच गोळ्यांची. वरचा संख्याशास्त्राचा प्रतिसाद वाचल्यावर लक्षात येईल की 'एक एमओए तीन गोळ्या' आणि 'एक एमओए पाच गोळ्या' ही वेगवेगळी आश्वासनं आहेत, दुसरं बरंच कडक. टिक्का आणि साको एकाच कंपनीच्या, रीहिमाकीच्या एकाच कारखान्यातल्या. तिथे किमतीतला फरक बराचसा बोल्टचा गुळगुळीतपणा, फिनिश आणि लाकूड यांत जातो असं माझं मत. साकोवाले माझ्यावर धावून येतील.

स्वस्त रायफली आज एवढ्या चांगल्या का मारतात, त्याला कारणं आहेत. सॅव्हेजच्या ११० मध्ये १९५८ पासून नळी एका नटने बसवतात, त्यामुळे हेडस्पेस (काडतूस आणि बोल्ट यांच्यातली मोकळी जागा) नेमकं जुळवणं स्वस्तात होतं. बोल्टचं डोकंही किंचित हलतं, त्यामुळे ते दोन्ही लग्जवर (बोल्ट अडकवणाऱ्या खुंट्यांवर) नीट टेकतं. २००३ च्या सुमारास त्यांनी हलका, ग्राहकाला जुळवता येणारा अ‍ॅक्यूट्रिगर आणला आणि बाकीच्या कंपन्यांना आपापले जड ट्रिगर सुधारावे लागले. रुगर अमेरिकनची नळी कोल्ड हॅमर फोर्ज (थंड पोलाद हातोड्यांनी ठोकून घडवलेली) केलेली, आणि दस्त्यात अ‍ॅक्शन धरायला धातूचे ब्लॉक. पूर्वी बंदूककाराकडून पैसे मोजून करून घ्यायची बेडिंगसारखी (अ‍ॅक्शन दस्त्यात घट्ट बसवायची) कामं आता साच्यातूनच बाहेर येतात.

पण मला वाटतं तुम्ही चुकीची गोष्ट मोजताय. शिकारीत दहा गोळ्यांचा ग्रुप कुणी मारत नाही. लागते ती पहिली गोळी, थंड नळीतली. रेंजवर जाल तेव्हा प्रत्येक वेळी पहिली गोळी एका वेगळ्या कागदावर मारा आणि तो कागद जपून ठेवा. पुढच्या खेपेला परत त्याच कागदावर. हंगामापर्यंत तो कागद तुमच्या रायफलीबद्दल आणि तुमच्याबद्दल जे सांगेल ते बेंचवरचे ग्रुप सांगणार नाहीत. शिकारीच्या बारीक नळ्या चार-पाच गोळ्यांत तापतात आणि ग्रुप सरकायला लागतो. म्हणून ग्रुप काढतानाही मध्ये नळी हाताला गार लागेपर्यंत थांबा.

आमच्याकडे मूसच्या शिकारीआधी नेमबाजीची परीक्षा देतात: ७५ मीटर, चार गोळ्या, दीड मिनिट, चारही २३ सेंटिमीटरच्या वर्तुळात हव्यात. रायफल कसलीही असो, या परीक्षेत नापास होणारे माणसामुळे होतात.

तात्या_ह्यूस्टन

+१. तुमच्या हरणाचा मर्मभाग धरा आठ इंच. दोन एमओएची, म्हणजे आजच्या मानाने सुमार रायफल २०० यार्डांवर सव्वाचार इंचाच्या वर्तुळात मारते. मध्यापासून दोन-सव्वादोन इंच. त्याच अंतरावर ताशी दहा मैलांचा आडवा वारा .३०८ ची गोळी साधारण तीन इंच ढकलतो. आणि मचाणावर बसून, हातमोजे घालून, छातीत धडधड होत असताना तुमचा स्वतःचा ग्रुप किती, ते एकदा बेंच सोडून मोजून बघा. दीड इंच आणि सव्वा इंच यातला फरक हरणाला कळणार नाही.

महागडी रायफल घेऊ नका असं म्हणत नाही. माझ्याकडेच तीन आहेत. बायको वाचत नाही ना हा धागा?

मॅडिसनकर

सगळ्यांचे मनापासून आभार. थोडं काम करून आलोय.

कागदाची घडी अडकली. तात्या म्हणाले तसंच, बायपॉडवर पुढचं टोक वाकतं आणि नळी उजवीकडे टेकते. आता बायपॉड काढून पिशवी मॅगझिनच्या जवळ घेतली. 'अ' आणि 'ब' दोन्हींतून दहा-दहा गोळ्या, मध्ये नळी गार करत. 'अ' दोन इंच, 'ब' पावणेदोन. मीन रेडियस आकडेमोडताईंच्या पद्धतीने काढला, 'अ'चा ०.६२ इंच आणि 'ब'चा ०.५५.

आकडेमोड

१२ टक्के फरक, तोही दहा-दहा गोळ्यांवर. हा निकाल 'माहीत नाही' असाच वाचायचा. विकायची घाई करू नका.

मॅडिसनकर

नाही विकत. मित्राला हा धागा भाषांतर करून ऐकवला, तो म्हणे तुझी मराठी मंडळी फार आकडे लावतात. वाचलेल्या पैशांची काडतुसं घेणार. बसून आणि गुडघ्यावर सराव सुरू केलाय. तिथला माझा ग्रुप सांगण्यासारखा नाही.

एकच शेवटचा प्रश्न. झिरो (स्कोपचा नेम आणि गोळी जुळवणं) मी ऑगस्टमध्ये केलाय, ३० अंशांत. नोव्हेंबरअखेर इथे पहाटे उणे दहा होऊ शकतं. नेम सरकेल का?

उत्तरध्रुव

थंडीत दारूचा दाब आणि गोळीचा वेग थोडा कमी होतो. १०० यार्डांवर फरक जाणवणार नाही, २०० वर किंचित खाली लागेल. तरी ऑक्टोबरअखेर एका गारठलेल्या सकाळी झिरो तपासाच, कारण तुमचा दस्ता प्लास्टिकचा आहे आणि त्या दिवशी अंगावर जाड जॅकेट असल्यामुळे खांद्याला रायफल बसवण्याची पद्धतही बदलते.

माझी खरी काळजी तेलाची आहे. बोल्टच्या आत, फायरिंग पिनभोवती जाड ग्रीस असेल तर ते गोठल्यासारखं होतं, पिन हळू आदळते आणि काडतूस फुटतच नाही. बोल्ट उघडून पुसून कोरडा करा, पातळ तेलाचा एक थेंब पुरे. आणि रात्री रायफल उबदार केबिनमध्ये आणून पहाटे परत बर्फात नेऊ नका. आत आणली की तिच्यावर दव धरतं आणि बाहेर नेली की तेच पाणी आत गोठतं. रिकामी करून, कुलूप लावून गाडीतच थंड राहू द्या. स्कोपच्या काचांनाही तेच लागू.

वऱ्हाडी_ठेचा

मॅडिसनकर भाऊ, हरीण भेटलं तं रस्सा सावजीचा करजा. मसाला पाहिजे तं सांगा, पाठवतो.